बारा घरांची झोप

शनिवारी संध्याकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीत आधी दोन बोटं दिसायची. कठड्यावर टकटक, टक, टकटक वाजायची. मग आवाज यायचा, "मॅडम, पाळीचा कागद दाखवता का?"

मी वीजकेंद्राच्या टाइम ऑफिसात क्लार्क. कोण कोणत्या पाळीला, कोणाची सुट्टी कधी, हे सगळं माझ्या हातून जातं, आणि माझ्या खिडकीतून उगाच कोणी काही नेत नाही. हे भाऊ कोळशाच्या पट्ट्यावर ऑपरेटर होते. स्वतःची पाळी बघायची तर खुशाल बघा. पण हे आपल्या बिल्डिंगीतल्या बाकी अकरा घरांच्याही पाळ्या चिठोऱ्यावर उतरवून घ्यायचे. तीन शनिवार मी गप्प बसले. चौथ्या शनिवारी विचारलंच, "भाऊ, दुसऱ्यांच्या पाळ्या काहून पाहिजेत तुम्हाला? पाळत ठेवून राहिले का?"

"कोण केव्हा झोपते तेवढं पायजे मॅडम. मी ड्रम वाजवतो."

"वरातीतला?"

"नाही जी. रॉक."

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, खिशाला दोन पेनं, डोक्याला तेल. मला हसू आवरेना. तेही हसले.

पाळ्यांच्या कॉलनीत तुम्ही राहिला असाल तर जाणताच, तिथे दुपारसुद्धा कोणाची तरी रात्र असते. आमच्या कोराडीकडे भाजीवाला ओरडत नाही, कडी वाजवतो. असल्या जागी हा माणूस रॉक वाजवत होता! मला राहवेना. लहानपणापासून ताट, टेबल, दार, दिसेल ते बडवत आले होते मी. रविवारी थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, शिकवा.

पहिल्या मजल्यावरची आतली खोली. मधोमध ड्रमचा संच आणि त्यावर गोधड्या. त्यांच्या घरी पूर्वी कापडाचा माग होता, वडिलांनी विणलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या त्या गोधड्या. मी स्टिक घेतली आणि असा दणका दिला की गोधडीतूनही खिडकीची काच थरथरली.

"हळू वं बाई!" मॅडमपण तिथेच संपलं. "जोर कोणालेबी येते. चार बोटं. स्टिक चार बोटांच्या वर नाही उचलाची."

चार बोटं उंचीवरून मारायला लागले तर माझी चाल मंदावली. मोठ्यानं वाजवलं की मी पळत सुटायची, हळू वाजवलं की रेंगाळायची. ते शेजारी स्टुलावर बसून मांडीवर बोट आपटत राहायचे. "आवाज कमी झाला म्हणून चाल काहून कमी केली? तुले झोप आली का?" मग स्वतः बसायचे. उजवा पाय पेडलवर, टाच किंचित उचललेली. म्हणायचे, पाय मागावरच तयार झाला. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर ठोका, आणि मधल्या जागेत कुजबुजल्यासारखे बारीक ठोके. शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका आवाज, आणि तरी माझं डोकं आपोआप हलायला लागायचं. मी आजवर पुष्कळ ड्रमवाले ऐकले, स्टेजवर आदळआपट करणारे. छातीठोकपणे सांगते, त्यातल्या एकालाही ते जमायचं नाही.

"मुठीत आवळू नको वं. स्टिक उसळून येते, तिले येऊ दे," असं दर रविवारी म्हणायचे. सहा महिन्यांनी माझ्या मनगटाला ते कळलं.

हळू वाजवायला ते कसे शिकले तेही त्यांनी सांगितलं. नव्यानं क्वार्टर मिळालं तेव्हा त्यांनी दुपारी खुल्ला ड्रम बडवला होता. खालच्या घरातला पॅनलवरचा ऑपरेटर वर आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. भांडला असता तर हेही भांडले असते. त्यानं हात जोडले. "भाऊ, रात्री पुन्हा पॅनलवर बसाचं हाय. दोन घंटे झोपू द्या."

"हात जोडले त्यानं, बाई. मले लाज वाटली." त्या दिवशी गोधड्या पडल्या त्या पडल्याच.

"एकच इच्छा हाय," ते म्हणाले. "क्वार्टर सोडाच्या आधी या खोलीत एक गाणं खुल्लं वाजवाचं."

"एवढंच ना? मी शोधते वेळ," मी म्हटलं. पाळ्यांचे कागद माझ्या हातात, मला काय अवघड! दोन महिने शोधला. पहिल्या पाळीवाला दुपारी झोपतो, रात्रपाळीवाला सकाळी, आणि संध्याकाळी जायच्या आधी पुन्हा तासभर पडतो. बारा घरं एकदम जागी अशी एक वेळ सापडली, तर तेव्हा हे स्वतःच ड्यूटीवर! शेवटी मी दोन सुट्ट्या इकडच्या तिकडे करायचं ठरवलं आणि तसं सांगितलं. पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले.

"माझ्या ड्रमापायी कोणाची सुट्टी हालवाची नाही. नसन जमत तं नसन." मला रडूच आलं. मी तशीच घरी आले.

निवृत्तीचा महिना आला. शेवटच्या रविवारी सकाळी मी गेले तर सामान बांधून झालेलं, ड्रम तेवढे उभे. ते गोधडीवरूनच वाजवायला बसले. एवढ्यात दार वाजलं. खालचा ऑपरेटर. रात्रपाळी करून आलेला, डोळे तसेच लाल. त्यानं हात जोडले. भाऊ चटकन उठले. "आवाज आला का गा?"

"नाही ना! तेच म्हणून राहिलो. खुल्ला वाजवा आज. बारा घरं पाहून आलो मी, कोणी झोपून नाही राहिलं."

जिन्यात माणसंच माणसं. बनियनवर आलेले, हातात ब्रश घेतलेले, कडेवर पोर घेतलेल्या बायका. भाऊंनी गोधड्या काढल्या. बसले. पहिला ठोका असा पडला की सगळी बिल्डिंग दणाणली. आणि हे थांबले! खाली फरशीकडे बघत म्हणाले, "उठला असन का कोणी?"

"वाजवा ना गा!" जिना ओरडला.

मग वाजवलं त्यांनी. बाप रे, काय वाजवलं! एकच गाणं. ते संपल्यावर घाम पुसत उठले, खालच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, झोप आता."

आता ते कुही तालुक्यात शेतावर असतात. आसपास नुसता धान, माणूस औषधालाही नाही. गोधड्या मला देऊन गेले. परवा शनिवारी संध्याकाळी टाइम ऑफिसचा फोन वाजला.

"मॅडम, आपल्या बिल्डिंगीचा पाळीचा कागद वाचता का?"

"आता काहून भाऊ? तिथे कोणाची झोप मोडते?"

"कोणाचीच नाही. मी खुल्लाच वाजवतो. पण बसाच्या आधी कोण झोपून हाय ते माहीत असलं का बरं वाटते. खालच्याची कोणती हाय या हप्त्यात?"

"तिसरी, रात्रीची," मी म्हटलं आणि कागद समोर ओढून बाराही घरं वाचून दाखवली.