पहिला दीड फूट

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला गोल्फ शिकावा लागला. शिरूरजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथे नवे परदेशी साहेब आले. त्यांना गोल्फ आवडतो हे कळताच आमच्या सगळ्या मॅनेजर मंडळींनाही तो पहिल्यापासून आवडत असल्याचं निघालं. ज्यांनी हिरवळीवर फक्त लग्नाची जेवणं केली होती, ते तिच्या उतारावर चर्चा करू लागले. मीही मुकाट्याने नाव दिलं. विरोध करायलाही उमेद लागते.

पुण्यातल्या शिक्षकाने माझा दोष लगेच सांगितला. क्लब, म्हणजे चेंडू मारायचा दांडा, मागे नेतानाच मी सगळं बिघडवतो. पहिला दीड फूट तो जमिनीलगत, सावकाश, खांद्यांच्या वळण्याने मागे जायला हवा. मी मनगटाने झटकन उचलून अंगाकडे ओढतो. "दोन काठ्या रोवा, मध्ये दोरी ताणा, आणि तिच्या बाजूने तेवढाच दीड फूट करत राहा," तो म्हणाला.

रविवारी राहूला, गावाकडे, आमच्या रानात गेलो. ऊस तुटून गेला होता. बांधालगत सपाट जागा बघून काठ्या रोवल्या, सुतळी ताणली. पाच मिनिटांत पलीकडच्या रानातून चुलतभाऊ आप्पा आले.

"व्हय रं, मोजणी आणलीस काय?"

"न्हाई आप्पा, खेळतोय."

"सुतळी लावून? ह्या वयात?"

याच बांधावरून आम्ही नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले, तरी अबोला सुटला नाही. माझ्या वडिलांच्या दहाव्याला आप्पा आले, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. गावात मला नावाने हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय. एका सुतळीपायी ते गमवायचं नव्हतं. म्हणून खेळ पहिल्यापासून समजावला. त्यांचा विश्वास बसला नाही. ते बांधावर पहाऱ्याला बसले.

मी क्लब मागे नेला.

"आला माझ्याकडं."

पुन्हा नेला.

"आता लईच आपल्याकडं वढलास. बारकं व्हतास तवापास्नं हेच. आन् मनगाट कशाला नाचवतूस? ऊस तोडायचाय का?"

पुण्याचा शिक्षक हेच इंग्रजीत सांगायचा, आणि त्याची फी घ्यायचा.

तीन रविवार असे गेले. काठ्या मी शेडमध्ये ठेवून यायचो. चौथ्या रविवारी पोचलो तर त्या रोवलेल्या होत्या, सुतळीही ताणलेली.

"म्हटलं, तुझा येळ वाचंल," आप्पा बांधावरून म्हणाले.

सुतळी वीतभर माझ्या रानात सरकली होती. मी हद्दीच्या दगडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते तंबाखू मळत होते. नजर मात्र माझ्यावर.

आणखी नऊ वर्षं अबोला धरायची ताकद माझ्यात आहे का, एवढाच प्रश्न होता. मी वीतभर मागे सरकून उभा राहिलो. चेंडू ठेवला, मनगटं सैल सोडली, खांदे वळवले. क्लब सुतळीच्या कडेने सावकाश मागे गेला.

"हां. आता सरळ गेला," आप्पा म्हणाले, आणि तंबाखूची चिमूट माझ्यापुढे धरली.