शून्य ते दहा

बाबा घाटाच्या पायऱ्यांवर पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा उभा जन्म दुर्गाघाटावर भिक्षुकीत गेला, त्यामुळे वॉर्डात सगळे त्यांना पंडितजीच म्हणायचे. डॉक्टर आधी पाया पडायचे, मग टाके बघायचे. ऑपरेशनपुरतं काढलेलं जानवंसुद्धा वॉर्डबॉयने कागदात गुंडाळून माझ्या हातात आणून दिलं. बाबा नुसते "आई गं" म्हणाले की इंजेक्शन यायचं.

शेजारच्या खाटेवर रामनगरचा एक म्हातारा मुसलमान विणकर होता. त्याचंही ऑपरेशन खुब्याचंच. शुद्धीवर आल्यावर तो मोठ्याने कण्हला, तेव्हा सिस्टर म्हणाली, "ये लोग शोर बहुत करते हैं." त्यानंतर तो कण्हला नाही. मी ते ऐकलं आणि बाबांना मोसंबी सोलून दिली.

मग वॉर्डात नवा नियम आला. कुणालाही वगळायचं नाही, प्रत्येक खाटेपाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: दुखणं शून्य ते दहामध्ये किती? नियम चांगलाच होता. त्या दिवशीची सिस्टरही नवी होती, हसून बोलणारी. बाबा म्हणाले, "आठ." त्यांना इंजेक्शन मिळालं.

मग ती विणकराकडे वळली आणि तितक्याच मायेने तिने तोच प्रश्न विचारला. त्याने चादर मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

"कुछ नहीं, बिटिया," तो म्हणाला. "आराम है."

तिने शून्य लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. नियम अगदी तंतोतंत पाळला गेला होता.