पत्रिका जुळेना आणि फुगे थांबेनात

माझ्या मुलीचं लग्न आमच्या नव्या फोननं परस्पर ठरवत आणलं होतं.

आम्ही रायपूरला राहतो; आमच्या मेघाला अकोल्याचं स्थळ पसंत नव्हतं. (लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असं मुलानं पोहे खाता खाता सांगून टाकलं होतं.) पण आपल्यात तोंडावर नकार कोण देतं? पत्रिका असते ती कशाला! तिच्यावर खापर फोडायचं ठरवून मी मुलाच्या वडिलांना, भास्कररावांना, व्हिडिओ कॉल लावला. बायको आणि मेघा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बाजूला बसल्या.

"भाऊ, पत्रिका पाह्यली. दोन मोठ्या अडचणी हायेत," म्हणत मी दोन बोटं वर केली.

माझ्या डोक्यामागून रंगीबेरंगी फुगे निघाले!

"अरे वा!" भास्करराव ओरडले. "सुमन, लवकर ये! रायपूरवाल्यायचा होकार आला!"

रायपुरात वाढलेली मेघा हिंदीत कुजबुजली, "पापा, ये फोन हाथ के इशारे समझता है! जैसा इशारा, वैसी तस्वीर. हाथ नीचे रखो!"

हात खाली? ऑफिसात मला मागून ट्रॅफिक हवालदार म्हणतात!

"तसं नाही, भाऊ! दोन पत्रिका अशा जुळाले पाह्यजे ना," मी दोन्ही पंजे वाकवून बोटांना बोटं भिडवून दाखवली. झालं! पडदाभर लाल बदाम उडू लागले. पुढचं "त्या जुळून नाही राह्यल्या" तिकडच्या गलबल्यात कोणी ऐकलंच नाही. तिकडे साखर वाटायला सुरुवातही झाली.

मेघा उडी मारून समोर आली आणि तिनं दोन्ही अंगठे खाली करून दाखवले. पडद्यावर ढग आले, धो धो पाऊस लागला.

"पाऊस!" मुलाच्या आईनं, सुमनताईंनी, हात जोडले. "मोठा शकुन हाय हा!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी मात्र माझी पाचावर धारण बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि सरळ नाही म्हणायला तोंड उघडलं. शब्दच फुटेना! हात हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

शेवटी बायकोनं फोन ओढून घेतला. "भाऊ, पोरीले नोकरी सोडाची नाही. आमचा नकार हाय."

मेघानं आईचा दंड घट्ट धरला.

"मंग तुमचे हे इतका वेळ काय करून राह्यले होते?" भास्कररावांनी विचारलं.

"त्यायचं काही मनावर घेऊ नका," बायको शांतपणे म्हणाली. "आमच्या घरी कोणीच घेत नाही."