गुडघाभर पाण्यात गेलेला दौलतमामा

दौलतमामाचा घात झाला हरतालिकेच्या दिवशी, सकाळी पावणेआठ वाजता, पैनगंगेतल्या मधल्या रेतीवर. जिथं पोळ्यानंतर पाणी कधी गुडघ्याच्या वर आलं नव्हतं, अशा जागी. कागदावर ‘पाय घसरून बुडाला’ असं लिहिलंय. खोटं आहे. पाय ठेवायची जमीनच उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं उचलून नेली होती. मी तेव्हा फुलसावंगीच्या बसथांब्यावर रेतीउपशाविरुद्धची आमची पत्रकं वाटत होते. मामाच्या शेजारणीचा फोन आला, “ताई, मामा डोंग्यातून उतरला अन् दिसूनच नाही राह्यला.” कुठं, म्हणून विचारलं. “गुडघीवर.” मी म्हटलं, शक्य नाही... आणि म्हणता म्हणता हातातल्या पत्रकाकडं लक्ष गेलं. त्यावरच्या नकाशात गुडघीवर मीच लाल फुली मारली होती.

मामा नात्यातला नव्हे. काठावरचा मासेमार, अख्ख्या गावाचा मामा. दोन हिवाळ्यांपूर्वी मी निवेदनावर त्याची सही घ्यायला गेले, तर म्हणाला, “सही मंग करतो, आधी डोंग्यात बस. नदी पायली नाही अन् नदीसाठी भांडून राह्यली?” बसले. घाटावरून निघायचं, बगळ्यांच्या दगडाला वळसा घालायचा, करंजाच्या सावलीतला डोह पार करायचा आणि नदीच्या मधोमध गुडघीवर उतरायचं, ही मामाची चक्कर. ‘गुडघी’ हे नाव त्यानंच ठेवलेलं. तिथं डोंगा रेतीला लागायचा, मामा आधी उतरायचा, दोरी खांद्यावर घ्यायचा आणि आम्हाला बसल्या जागी ओढत पलीकडच्या धारेला लावायचा. मी पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं तेव्हा ओरडला, “अवं, पाण्याले मारून कायले राह्यली? भाषण हाय का थे? वल्हं पाण्यात ठेव अन् ओढ.” त्या सकाळी धुकं होतं, चक्रवाकांची जोडी आवाज करत डोक्यावरून गेली, आणि पत्रकात ज्या नदीला मी ‘जलस्रोत’ लिहीत होते ती मला पहिल्यांदा दिसली. मग मी दर ऋतूत जाऊ लागले. उन्हाळ्यात नदीचे नुसते डोह उरायचे. मग डोंगा एका डोहातून दुसऱ्यात ओढत न्यायचा आणि मध्ये डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाडीत बसून डांगर खायचं. पावसाळ्यात डोंगा कडुनिंबाखाली पालथा. पोळ्यापर्यंत मामा पाण्याला हात लावायचा नाही. “तवर थे कोणाचीच नसते,” एवढंच म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात चक्कर बदलली. मामाकडं एक बांबू होता; तो डोहात उभा सोडून किती कांड्या ओल्या झाल्या यावरून तो खोली सांगायचा. तीन कांड्यांच्या जागी पाच ओल्या निघू लागल्या. भर दुपारी वळणापलीकडून यंत्रांची घरघर यायची. बगळ्यांच्या दगडावर बगळे बसेनात. एकदा मामानं वल्हं थांबवलं आणि बराच वेळ कान देऊन बसला. “इथं खळखळ होती,” तो हळूच म्हणाला. “काहून चूप झाली?” मी ताडकन उत्तर दिलं, उपशामुळं, दुसरं काय. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या शांत पाण्याकडंच पाहत राहिला... मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा लेकीकडं दिग्रसला गेला. तो नसताना रेतीच्या ठेकेदाराच्या ट्रॅक्टरांनी गुडघी खाल्ली. मी कोरड्या पात्रातून चालत खड्डे नकाशावर टिपले, कचेरीत निवेदन दिलं. पोच मिळाली. बाकी काही नाही. मामा परत आला तेव्हा नदी भरली होती आणि सगळे खड्डे गढूळ पाण्याखाली गेले होते. मी पत्रक त्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, “मले वाचता येते का? वाचून दाखव ना वं.” मला पुढच्या गावाची बस पकडायची होती. म्हटलं, “मामा, तुमाले कायचं वाचून दाखवाचं? नदी तुमचीच हाय.” तो हसला, घडी करून खिशात ठेवलं. ज्या एका माणसाला त्या फुलीची खरी गरज होती, त्याला मी ती सांगितली नाही. ठेकेदाराला मी सोडणार नाही. पण हेही इथं लिहिल्याशिवाय मला पुढं बोलायचा हक्क नाही.

हरतालिकेच्या पिंडीसाठी बायकांना वाहत्या पाण्यातली कोरी रेती लागते. दरवर्षी मामा त्यांना गुडघीवर नेई. प्रत्येकीची एक ओंजळ. त्या दिवशी मामाची बायको वच्छलामामी धरून सहा जणी डोंग्यात होत्या. मामानं डोहात बांबू टाकला. गुडघीवर टाकला नाही. जन्मभर जिथं पाय ठेवला तिथं कोण माप घेतं? तो उतरला आणि गेला. पट्टीचा पोहणारा, पण खड्ड्याची कड ढासळली आणि रेतीनं त्याला धरून ठेवलं. बायकांनी पूजेच्या ताटांनी पाणी मारत डोंगा काठाला आणला. निर्जळी उपासाच्या बायका... मामी मला म्हणाली, “आमाले ओंजळभर पायजे होती वं. त्यायनं त सारीच नेली.”

बांबू आता मामीच्या दाराशी उभा आहे. पाचव्या कांडीपर्यंत गाळाचा डाग आहे, मामी तो पुसू देत नाही. दाराशी गेलं की वाटतं, आत्ता हाक येईल, ‘बस डोंग्यात.’

देवीचं विसर्जन आता आठवड्यावर आलंय. तुमच्या घाटावरही मूर्ती घेऊन कुणीतरी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरेल, कारण जागा त्याच्या ओळखीची आहे. म्हणून वाचकहो, हळहळू नका. उद्या दिवसाउजेडी घाटावर जा, काठावरूनच लांब बांबू टाका, जिथं तळ लागणार नाही तिथं काठाला लाल कापड बांधा. आणि हे पान घडी करून ठेवू नका. तो पहिला उतरणारा माणूस शोधा, त्याला समोर बसवा आणि वाचून दाखवा. बस सुटली तरी चालेल.