टोपीभर काटे

"आधी काटं, मंग बाता!"

हे बोलण्याआधी चाचा डोक्यावरची टोपी काढायचे, उलटी करून डाव्या हातात धरायचे आणि वाकायचे. एकदा वाकले की शिट्टी होईपर्यंत त्यांची पाठ सरळ झालेली मी तरी पाहिली नाही. या गोलापासून त्या गोलापर्यंत अनवाणी चालत, तळव्यानं माती चाचपत, बाभळीचा एकेक काटा वेचून ते टोपीत टाकत. त्या दिवसांत तुम्ही भोरला फुटबॉल बघायला बांधावर बसला असाल, तर आमच्या गोलकीपरचा चेहरा तुम्हाला आठवणार नाही, पण ती वाकलेली पाठ नक्की आठवेल.

चाचा कल्हईवाले. भोरात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरून तांब्यापितळेची भांडी चकचकीत करून द्यायची, हा त्यांचा धंदा. आठवडाभर भाता मारायचा आणि रविवारी दुपारी मैदानावर हजर. आचेनं त्यांची बोटं काळी आणि बधिर झालेली. "बोटास्नी काटा कळत न्हाई मास्तर, म्हून पायानं हुडकतो," म्हणायचे. वेचून झालं की काटे सोबत आणलेल्या कल्हईच्या शेगडीत रिकामे करायचे, टोपी झटकायची आणि डोक्यावर घालायची. हमखास एखादा काटा आत राहिलेला असायचा. "आगं आय गं!" अशी बोंब उठायची, टोपी उडायची आणि सगळा बांध हसायचा. दर रविवारी! म्हातारा तो काटा मुद्दाम ठेवतो की काय, अशी मला शेवटी शंका यायला लागली होती.

आमचं मैदान म्हणजे नीरेकाठचं भातखाचर. भात निघालं, ढेकळं फोडून झाली, की मालक ते आम्हाला खेळायला द्यायचा. एक बाजू वीतभर खाली, म्हणून 'वरचा गोल' आणि 'खालचा गोल'. प्रेक्षकांना बसायला चारी बाजूंनी बांध आणि सावलीला त्यावरच्या बाभळी. सावली बाभळीची म्हटल्यावर काटे आलेच. पोरं सगळी अनवाणी खेळणारी, बूट कुणाच्या बापानं बघितले होते! म्हणून चाचांची टोपी.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि संघाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे बॉलात हवा भरायची, दुसऱ्या गावांना पत्रं लिहायची आणि हरलो की शिव्या खायच्या. मला स्वतःला खेळता येत नव्हतं, पण संघ पुण्यापर्यंत गाजावा अशी फार हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला गिऱ्हाईक मिळालं.

पुण्याचे एक तपकीरवाले शेठ आमचा सामना बघायला आले. खूश झाले. म्हणाले, गावाबाहेरच्या माळावर सपाट मैदान करून देतो, खुर्च्या देतो, कुंपण देतो, अकरा शर्ट देतो. बूट? बुटांचं पुढल्या साली बघू. अट एकच, संघाला त्यांच्या तपकिरीचं नाव द्यायचं आणि शर्टाच्या पाठीवर डबीचं चित्र काढायचं. त्या तपकिरीचं नाव मी इथं लिहीत नाही, फुकट जाहिरात आधीच पुष्कळ केली आहे.

बांधावर खडाजंगी झाली. वरवे बुद्रुकचे अण्णा दर सामन्याला बैलगाडी जुंपून येणारे शेतकरी, तावातावानं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "शेटनं कापडं दिली तर बिगडलं कुठं? पोरं फाटक्या बंड्या घालून खेळत्यात, त्ये बरं दिसतंय व्हय?"

कुणीतरी म्हणालं, "आज शर्टावर नाव, उद्या म्हनंल पोरांच्या कपाळावर गोंदा."

"आन वरडायचं काय?" तिसऱ्यानं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. 'नीराकाठ! नीराकाठ!' ही आमची आरोळी पार नदीपलीकडं जायची. तपकिरीचं नाव चांगलं लांबलचक, अर्ध्यातच दम लागायचा.

मी चाचांना विचारलं. त्यांनी खाली बघत सांगितलं, "नाव कायबी ठिवा मास्तर. म्हशीचं नाव गंगा ठिवलं तरी दूध म्हशीचंच. हितला काटा मातूर म्या येचतो. तितं कोन येचनार, त्येवडं ठरवा."

मी हसण्यावारी नेलं. शेवटी सही माझीच लागणार होती आणि ती मी केली. अकरा डब्याही मीच रंगवल्या, झाकणावरच्या नक्षीसकट.

उद्घाटनाची गंमत सांगतो, म्हणजे गंमत आता वाटते. शेठ मैदानात उतरले, चांदीची डबी उघडली आणि एकेका पोरापुढं धरली. आता वडीलधाऱ्यानं पुढं केलेली चिमूट आमच्याकडं नाकारत नाहीत, तो अपमान होतो. जन्मात तपकीर न ओढलेल्या अकरा जणांनी मान लववून चिमूट घेतली आणि नाकात कोंबली. शिट्टी झाली. आमचा गोलकीपर दोन्ही हात नाकावर धरून शिंकतोय आणि बॉल त्याच्या पायांमधून आत! दुसरा गोल झाला तेव्हा तर सगळी बचावाची फळीच शिंकत होती. शेठ खुर्चीवरून मांडी थोपटत म्हणाले, "बघितलंत मास्तर? माल अस्सल आहे!"

मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी हसलो.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट खेळाआधीच घडून गेली होती. चाचा नेहमीसारखे तासभर आधी आले, तर दारावर शेठचा पट्टेवाला पहारेकरी. सामन्याआधी कुणी आत जायचं नाही! मला बोलावणं आलं.

"चाचा," मी म्हणालो, "आता नेम झालाय. मैदान झाडायला शेठनी माणूस ठेवलाय."

"झाडून काटा जात न्हाई मास्तर. त्यो मातीत दडतो आन पायाची वाट बगतो." मग त्यांनी माळाकडं हात केला. "कुंपन कशाचं केलंय, त्ये तरी बगितलं का?"

बघितलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण बघितलं नव्हतं. कुंपण बाभळीच्या फांजरांचं, म्हणजे काटेरी फांद्यांचं होतं. आमच्याकडं शेताला करतात तसंच, कमरेएवढं, ताज्या तोडीचं. फुकट्यांना रोखायला याहून स्वस्त काय? वारा सुटला की सुकत आलेल्या फांद्यांचे काटे आत मैदानावर उडत होते.

"खेतात ढोरं येऊ ने म्हून काटं लावत्यात," चाचा म्हणाले. "तुमी पोरांच्या भवतीनं लावलं."

"तुम्ही तिकीट काढा आणि खुर्चीवर बसा ना आरामात! किती दिवस वाकणार?" मी वैतागून बोललो. आजही ते वाक्य आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. चाचांनी टोपी डोक्यावर घातली आणि कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. हळूहळू बांधावरचे जुने चाळीसेक लोक त्यांच्याजवळ जमले. वरव्याचे अण्णा तेवढे तिकीट काढून खुर्चीवर बसले आणि सगळा वेळ मान वळवून बाहेर बघत राहिले. पुढच्या रविवारी शेठनी कुंपणाला आतून तट्टे बांधले, बाहेरून दिसू नये म्हणून. तरी ती माणसं तट्ट्यामागं उभी राहायची. आवाजावरून खेळ ओळखायची!

तिसऱ्या सामन्यात धोंडू पडला. धोंडू आमचा पुढच्या फळीचा गडी. असा पळणारा पोरगा मी पुन्हा पाहिला नाही. कुंपणाच्या कडेनं बॉल घेऊन सुसाट निघाला आणि मध्येच टाच धरून खाली बसला. त्याची किंकाळी ऐकली आणि काट्यांतून अंग ओढत, तट्टा फाडून चाचा आत घुसले. सदरा फाटलेला, दंडावर रक्त. हातात कल्हईचा चिमटा. धोंडूची टाच मांडीवर घेऊन त्यांनी काटा धरला. अर्धा आला. अर्धा आतच मोडला.

"हालू नगं लेकरा, थोडा ऱ्हायलाय," ते म्हणत होते, तेवढ्यात पहारेकऱ्यानं त्यांची मानगूट धरली. बिनतिकिटाचा माणूस मैदानात! फरफटत दारापर्यंत नेलं त्यांना. ते ओरडत होते, "मास्तर, ह्येला सांगा! आर्दा आत हाय! मास्तर!"

मी शेठच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. पुण्याचे चार पाहुणे आलेले होते. मी उठलो नाही. तुम्ही म्हणाल, का? गेली कित्येक वर्षं मीही तेच विचारतोय.

धोंडूची टाच चिघळली. दोन महिने तो दवाखान्यात होता. पाय वाचला, पण पळणं संपलं. आता सारोळ्याच्या पुलाजवळ केळी विकतो. मला बघितलं की उठून नमस्कार करतो आणि दोन केळी जास्त देतो. ती दोन मी वाटेतल्या पोरांना वाटून टाकतो.

शेठचं मन पुढल्या साली फुटबॉलवरून उडालं. म्हणे नाटक मंडळीच्या पडद्यावर डबी जास्त ठसठशीत दिसते. खुर्च्या गेल्या, पहारेकरी गेला, कुंपण लोकांनी चुलीत घातलं. बूट आलेच नाहीत. आम्ही गपगुमान खाचरात परत आलो. बांध होता, बाभळी होत्या. चाचा नव्हते. त्या दिवसानंतर त्यांनी रविवारी भोरात पाऊल टाकलं नव्हतं.

मी त्यांना हुडकत वेल्ह्याच्या बाजाराला गेलो. एका वडाखाली शेगडी मांडून बसले होते. मला बघून भाता थांबवला नाही. मी बराच वेळ काहीबाही बोललो, माफीही मागितली असावी. त्यांनी एकच विचारलं.

"पोराचा पाय कसा हाय?"

मी सांगितलं. त्यांनी पातेल्यात कापूस फिरवला. पातेलं पांढरंशुभ्र झालं.

"पुन्हा या चाचा. तुमच्याशिवाय बांध भरत नाही."

"यीन की. तुमच्यावर राग न्हाई." मग पातेलं बाजूला ठेवत, "पन आता वाकता येत न्हाई मास्तर. त्या दिशी पहारेकऱ्यानं वडलं ना दारापातुर, तवापून कंबर गेली. बसून करायचं काम तेवडं हुतंय. काटं येचाय दुसरा मानूस बगा."

येताना त्यांनी मला एक तांब्या कल्हई करून दिला. मी नको म्हणालो तर रागावले. ते आले नाहीत, मीही पुन्हा गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. दोन वर्षांनी, लढाईच्या दिवसांत, वेल्ह्याकडून आलेल्या एका गाडीवानानं सहज सांगितलं, तो कल्हईवाला म्हातारा गेला.

शाळेच्या ओसरीत दुखवट्याची सभा भरली. रविवारच होता, तासाभरानं सामना. भाषणं रंगली. जे तट्ट्यामागं उभे होते ते गप्प होते आणि ज्यांनी खुर्च्या अडवल्या होत्या ते गहिवरले होते. मैदानाला चाचांचं नाव द्यायचं ठरलं. लगेच नसरापूरचे एक दुकानदार उभे राहिले. पाटीचा खर्च माझा, म्हणाले, फक्त खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव घाला. टाळ्या पडल्या. हो, टाळ्या!

वरव्याच्या अण्णांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "मास्तर, ठराव लिवा. चाचांचं पुरं नाव काय हुतं?"

मी टाक दौतीत बुडवला. तपकिरीचं नाव, डबीचे तिन्ही आकार, झाकणावरच्या नक्षीच्या पाकळ्या, पुण्याच्या दुकानाचा पत्ता, सगळं मला आजही तोंडपाठ आहे. चाचांचं नाव मला माहीत नव्हतं. मी मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं. ओसरीतल्या एकालाही माहीत नव्हतं. टाकाची शाई कागदावर गळली.

मी उठलो. डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली आणि पायऱ्या उतरलो.

"आवो मास्तर, कुठं निगाला?" अण्णा ओरडले. "सभा चालू हाय! ठराव ऱ्हायलाय!"

"चालू द्या," मी म्हणालो. "आधी काटं."