राखणदाराचा परवाना

मुंबई दारूबंदी कायदा एकोणीसशे एकोणपन्नासचा. बंदी कधीच पातळ झाली, नाक्यानाक्यावर बार उघडले, पण कायदा मोडीत काढायची छाती कुणाची झाली नाही. म्हणून त्याला परवान्याचं भोक पाडून ठेवलं. आजही महाराष्ट्रात बाटली बाळगायची तर परवाना लागतो, आणि तो मिळतो म्हणे तब्येत राखण्यासाठी! काढतंय कोण? भागोजीला मात्र काढावा लागला.

भागोजी आमच्या वाडीतला, रत्नागिरीपासून जवळच. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, वाडीच्या राखणदार देवाचा दगड आहे. दर अवसेला भर दुपारी त्यावर दारू ओतून गाऱ्हाणं घालायचं, सड्यावरून जाणाऱ्याला चकवा लागू नये, हे त्याच्या घराण्यातल्या बाप्यांचं काम. अट एकच: ओतणाऱ्याने जन्मात थेंब चाखलेला नसावा. सत्तरीचा भागोजी खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून घ्यायचा.

गेल्या वर्षी अवसेच्या आदल्या दिवशी नाक्यावर पोलिसाने त्याची पिशवी उघडली. परवाना नाही, बाटली जप्त. मी त्याला घेऊन परवाना काढायला दारूच्या दुकानात गेले.

"पिणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"राखणदार."

"त्याचं आधार कार्ड आणलंस?"

गिऱ्हाइकं खिदळली. माझं डोकं फिरलं. "हसतोस काय? आधी तुझ्या दारावरचं लिंबू काढ!"

"बाय, माझ्यावर कशाला तापतेस? कायद्यात पिणारा हाय, ओतणारा नाय."

दुकानदाराने अर्ज पुढे सरकवला. त्यातली ‘स्वतः पिण्यासाठी’ ही ओळ भागोजीने माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. "म्हंजे मी पितो, असं मीच लिहून द्यायचं?"

"कागदावर रे, दादा."

"सही माझीच ना?" त्याने पेन हातात घेतलं. मग म्हणाला, "उद्या माझी सून कमळा सड्यावरनंच माहेरी जायची हाय. गाऱ्हाणं चुकवून चालायचं नाय." आणि सही केली.

दुसऱ्या दुपारी मी सोबत गेले. जांभा दगड तो, भोकाभोकांचा, घागरभर पाणी गटकन पितो. भागोजीने बाटली उपडी केली. दारू दगडावर तशीच उभी राहिली. वारा नव्हता, तरी थरथरत होती.

"त्यानं सहीचं ऐकलंन," भागोजी पुटपुटला.

मी त्याचा हात धरून ओढत निघाले. समुद्राची गाज पाठीमागे हवी, ती समोरून येत होती. वाडीच्या दिशेने चाललो आणि दगडापाशीच आलो. पुन्हा निघालो, पुन्हा तोच दगड. दारू तेवढीच.

भागोजी खाली बसला. "तू जा, बाय. सही तुझी नाय."

मी एकटी निघाले, तर वाट सरळ वाडीत उतरली. कमळाला मी दारातच अडवलं. माणसं घेऊन वर गेलो तेव्हा भागोजी दगडाभोवती फिरत होता, आम्हाला हाका मारत. आम्ही हातभर अंतरावर उभे होतो. चौघांनी उचलून खाली आणला.

गाऱ्हाणं बंद झालं. थेंब न चाखलेला दुसरा बाप्या वाडीत नाही. दर अवसेला दुपारी भागोजी पायवाटेच्या तोंडाशी बसतो आणि येणाऱ्याला डांबरी रस्त्याने धाडतो.

"वाट बंद हाय."

"कुणी केली?"

"मी. लिहून दिलंय."