पहिली वाटी

चाचणीच्या दिवशी मला माझ्याच वर्गाबाहेर उभं करतात, याचा मला अजूनही राग येतो. नियम आहे म्हणे. बाई आत असल्या की मुलं बाईंच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात. देतात, खोटं कशाला बोलू? पण वर्षभर याच तोंडानं शिकवायचं आणि नेमकं त्याच दिवशी व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा मंठा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. दिवाळी झाली की गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर माझा अर्धा वर्ग जातो. चाचणी बरोबर त्याच्या आधी येते. जाण्यापूर्वी मुलांना काय येतं ते तपासून घ्यायचं आणि उन्हाळ्यात परतली की विसरलेलं पुन्हा शिकवायचं, असा आमचा दरवर्षीचा उद्योग.

त्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीनं माझा जीव टांगणीला लावला होता. मुलगी चुणचुणीत, वाचायला बसली की थांब म्हणावं लागे, आणि तोंडानं फटकळ. भर परिपाठात "बाई, तुमच्या केसाला खडू लागलाय" असं ठणकावून सांगणारी. तिला तोडीला जायचं नव्हतं. चुलती गावातच राहणार होती, तिच्याकडे ठेवा म्हणून तिनं घरी धोशा लावला होता. शेवटी तिच्या वडिलांनी शाळेच्या फाटकात उभं राहून मला सांगून टाकलं.

"बाई, भाहेरचे सायेब येऊन राह्यले ना तपासाया? त्यांनी म्हणावं हिला हिशोब येतो, मंग ठिवतो. न्हाई तर बिलकुल न्हाई. थितं फडावर धाकटीला सांभाळाया कोण हाय?"

मी म्हटलं, एवढंच ना? मला वाटलं, काम फत्ते. मग महिनाभर मी वर्गाच्या मागे लागले. रोज सराव, रोज नमुना प्रश्न. साहेब येणार, साहेब विचारणार, नीट उत्तर द्या, हेच माझ्या तोंडी. मुलं साहेबाच्या नावानं झोपेत दचकत असतील.

आलेला साहेब प्रत्यक्षात पोरसवदा, शहरातला, अगदी सभ्य. हातात टॅब. वाचन त्या मुलीनं धडाधड करून दाखवलं. गणितात एक कृती होती. ताटात गहू, शेजारी रिकामा डबा आणि एक वाटी. गहू किती वाट्या भरतात ते मोठ्यानं मोजून सांगायचं. मी खिडकीतून बघत होते. खिडकीबाहेर उभं राहू नये, असा नियम अजून कुणी काढलेला नाही.

तिनं वाटी भरली, वरून हात फिरवून सारखी केली, डब्यात ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग "दोन." मग "तीन."

आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं तर दाणा पुरत नाही, अशी समजूत. माझ्या माहेरीही असंच मापतात. शाळेत मणी मोजताना, काड्या मोजताना ही पोर एकापासूनच मोजायची. पण समोर गहू आले, हातात माप आलं, आणि ती मनानं तिथून सरळ घरी जाऊन पोचली.

"एक कुठे गेलं?" त्यानं विचारलं.

"एक न्हाई म्हणायचं," ती म्हणाली, जणू त्यालाच शिकवत होती.

"परत पहिल्यापासून मोज बरं."

तिनं गहू ताटात ओतले आणि पहिल्यापासून मोजले. लाभ, दोन, तीन. टॅबवर प्रश्न होता, एकपासून क्रमाने मोजते का? हो किंवा नाही. तिसरा पर्याय नव्हता.

मी आत घुसलेच. "सर, ती बरोबर मोजते आहे. आमच्याकडे पद्धत आहे तशी."

"मॅडम, प्लीज, बाहेर थांबा. आणि उत्तर भरलं की मला बदलता येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता, बिचारा. पण त्या क्षणी तो टॅब गव्हात पुरून टाकावा असं मला वाटलं. निकालात तिच्या नावापुढे आलं, वाचन येते, मोजणी येत नाही. त्या एका 'नाही'नं आमच्या शाळेची टक्केवारी घसरली. मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मलाही टक्केवारीचं वाईट वाटलं, वाटलं नाही म्हणणार नाही.

निकाल कळला त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. ओसरीवर जायची तयारी चालली होती. सोबत न्यायची ज्वारी मापून पोत्यात भरायची होती. आई पोत्याचं तोंड धरून बसली होती आणि मापायची पायली मुलीच्या हातात होती. मी वडिलांना घडलं ते सगळं सांगितलं. ते हसलेच.

"मंग लाभच म्हणायचं ना! बराबर हाय तिचं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पर बाई, हे तर ती घरीच शिकली. शाळंचं काय आलं तिला? सायेब म्हणतो, न्हाई आलं. मंग ठिवून काय करू?"

"त्या साहेबाला काय कळतंय?" मी चिडून म्हणाले.

"कळत न्हाई तर महिनाभर तुम्ही त्याच्याच नावाचा जप कशाला करून राह्यल्या होत्या?"

साहेबाला मोठं मीच केलं होतं.

मुलगी ऐकत होती. तिनं पायली काठोकाठ भरली, वडिलांकडे बघितलं, पोत्यात ओतली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक."

आईचा हात थबकला. "लाभ म्हण गं! जायच्या वक्ताला एक म्हणती?"

"शाळंत एक म्हणतेत. मला येतंय," ती म्हणाली आणि पुढची पायली ओतली. "दोन." या वेळी तिनं आईकडे बघितलं नाही. घरच्या दाण्याला एक म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. शाळेत राहायला मिळावं म्हणून पोरीनं आईच्या मनाविरुद्ध मोजलं होतं.

वडील उठले. पोतं उचलून त्यांनी ज्वारी परत ढिगावर ओतली.

"घरच्या दाण्याला एक म्हणू न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "पुन्यांदा मोज."

तिनं मान खाली घातली आणि लाभापासून मोजायला लागली. पोतं वर वर येत गेलं. मी जायला उठले होते. पोतं भरायला थोडंच राहिलं असताना वडिलांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बस. आता ऱ्हायलं ते चुलतीच्या कोठीत टाक. तुला लागंल."

हातातली भरलेली पायली घेऊन ती शेजारच्या चुलतीच्या घरात गेली. पत्र्याच्या कोठीत दाणे पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा.

"लाभ."